३७/१००: एका निऑन गुलाबी प्रिंटची चौकशी

प्रकरण थोडक्यात असं. माझी एक मैत्रीण स्ट्रीट आर्टच्या प्रिंट जमवते, त्यातही जुन्या आर्केड खेळांवरून काढलेल्या. तिला एक स्क्रीन प्रिंट विकायला आली: निऑन गुलाबी जमिनीवर काळा, चौकोनी ठोकळ्यांचा खेकडा. कागद ५० बाय ७० सेंटिमीटर, भोवती पांढरा काठ, खालच्या काठावर पेन्सिलीनं ३७/१००, म्हणजे शंभरांतली सदतीस क्रमांकाची प्रत, आणि कलाकाराची सही. विक्रेता मूळ विक्रीच्या किमतीच्या सहापट मागत होता. जाहिरातीत ठळक ओळ होती, ‘जगात फक्त १०० प्रती’.

सहापट ऐकून ती दचकली नाही. या प्रिंट पहिल्या विक्रीला काही मिनिटांत संपतात, आणि हुकलेले लोक पुढं दुय्यम, म्हणजे फेरविक्रीच्या, बाजारात येतात हे तिला ठाऊक आहे. तिला खटकलं ते वेगळंच. लिलावांच्या जुन्या नोंदी चाळताना तीन वर्षांपूर्वीची एक विक्री सापडली. कलाकार तोच, प्रिंटचं नाव तेच, आकडा ३७/१००. नोंदीसोबत चित्र नव्हतं, नुसता मजकूर. विक्रेत्याला विचारलं, तर तो म्हणाला, “मी ही पहिल्या विक्रीत थेट स्टुडिओकडून घेतली. तेव्हापासून ही भिंत सोडून कुठं गेलेली नाही.”

म्हणजे सदतीस क्रमांकाच्या दोन प्रती. तिनं मला बोलावलं ते इथं.

कलाकाराचं नाव मी देणार नाही. व्यवहार खाजगी आहे आणि मुद्दा नावावर अडत नाही. घराणं मात्र सांगायला हवं. या सगळ्या परंपरेचा मूळपुरुष म्हणजे इन्व्हेडर हा फ्रेंच कलाकार. तोमोहिरो निशिकादो यांनी टायटो कंपनीसाठी १९७८ साली बनवलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ खेळातले परग्रहवासी इन्व्हेडरनं बाथरूमच्या टाइलमध्ये उतरवले आणि १९९८ पासून पद्धतशीरपणे आधी पॅरिसच्या आणि मग जगभरच्या भिंतींवर चिकटवायला सुरुवात केली. एक टाइल म्हणजे एक पिक्सेल, इतका साधा हिशेब. पडद्यावरची आकृती मुळातच चौकोनांची असल्यामुळे टाइलमध्ये नेताना तिचं काहीच बिघडत नाही. स्क्रीन प्रिंटचंही तसंच. सपाट रंग, धारदार कडा, छटा नाहीत, प्रत्येक रंगाला एक जाळी, जिच्यातून तो रंग कागदावर दाबतात. या आकृत्या जणू याच तंत्रासाठी काढलेल्या वाटतात. म्हणूनच पुढच्या पिढीतले बरेच कलाकार भिंतीवरचं काम कागदावर आणताना स्क्रीन प्रिंटच करतात. आपल्या प्रकरणातला कलाकार याच पुढच्या पिढीतला.

दोन सदतीस असण्याला चार कारणं असू शकत होती. समोरची प्रत खोटी. लिलावात गेलेली खोटी. विक्रेता थापा मारतोय आणि दोन्ही नोंदी एकाच प्रतीच्या. किंवा आकडा घालतानाच स्टुडिओत गडबड झाली, आणि हे वाटतं तेवढं दुर्मीळ नाही. शंभर कागदांवर एका बैठकीत हातानं आकडे घालणारा माणूस कधीतरी चुकतोच. पाचवं एक कारण होतं, पण त्या क्षणी ते दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

विक्रेत्यानं फ्रेम उघडू द्यायला आढेवेढे घेतले नाहीत, ही पहिली चांगली खूण. काचेमागची प्रिंट तपासणं म्हणजे बंद पेटीला हात लावून आत काय असेल ते सांगणं. मी तर सरळ म्हणेन, फ्रेम उघडू देत नसतील तर सौदा तिथंच सोडावा.

आधी भिंग. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. फोटोवरून इंकजेटनं काढलेली नक्कल असेल, तर सपाट वाटणारा गुलाबी रंग भिंगाखाली बारीक तुषारांचा दिसतो. ऑफसेटची असेल तर ठिपक्यांची फुलं दिसतात. इथं दोन्ही नव्हतं. रंगाचा सलग थर होता, आणि काळ्या चौकोनांच्या कडेला तो कागदावर किंचित उठलेला. कागद तिरपा धरून उजेडाकडे केला की ती कड सावली टाकत होती. काळा रंग गुलाबीवर अर्धा मिलिमीटर चढवलेला होता. छापणारे हा ओव्हरलॅप मुद्दाम ठेवतात, म्हणजे कागद किंवा जाळी जराशी सरकली तरी दोन रंगांमध्ये पांढरी फट पडत नाही. वर पारदर्शक व्हार्निशच्या बारीक आडव्या रेघा होत्या, जुन्या पडद्यावरच्या स्कॅनलाइनची आठवण करून देणाऱ्या. समोरून पाहिलं तर त्या दिसतही नाहीत, कागद कलता केला की उमटतात. तिसऱ्या जाळीचं हे काम जाहिरातीच्या फोटोत येत नाही, त्यामुळे फोटोवरून नक्कल करणाऱ्याला ते तिथं आहे हेच कळत नाही.

मग मोजपट्टी. पिक्सेलच्या चित्रांना ही एक खास सोय आहे, आणि तिचा फायदा फारसं कुणी घेत नाही याचं मला नवल वाटतं. मूळ खेळातला खेकड्यासारखा परग्रहवासी ११ बाय ८ चौकोनांच्या आराखड्यात बसतो. आठ ओळींपैकी वरून पाचव्या ओळीत अकराच्या अकरा चौकोन भरलेले असतात. या प्रिंटमधला खेकडा त्याच आराखड्याचा, चौकोन तीन सेंटिमीटरचा. म्हणजे पाचवी ओळ बरोबर ३३ सेंटिमीटर भरायला हवी आणि वरपासून खालपर्यंतची उंची २४. फोटोवरून काढलेल्या नकलेत कॅमेरा कधीच अगदी काटकोनात नसतो. मग एका बाजूचे चौकोन दुसऱ्या बाजूपेक्षा मिलिमीटरच्या काही भागानं मोठे होतात. एका चौकोनात हा फरक पकडता येत नाही, पण अकरा चौकोनांमध्ये साचत जाऊन तो पट्टीवर दिसतो. आम्ही पाचवी ओळ मोजली, उंची डावीकडून आणि उजवीकडून मोजली, दोन्ही कर्ण मोजले. सगळं जागच्या जागी. निसर्गदृश्याच्या प्रिंटवर ही परीक्षा घेताच येत नाही. तिथं मोजायला धरायचं काय?

पेन्सिलीची सही कागदात दाबली गेलेली होती, मागून बोट फिरवलं तर कळत होती. उजव्या कोपऱ्यात छापखान्याचा शाईविना उठवलेला शिक्का होता. विक्रेत्याकडे मूळ विक्रीची पावती होती, तीवर तारीख आणि रक्कम. प्रत क्रमांक मात्र नव्हता. ही नेहमीची रड आहे. पैसे आधी घेतले जातात, आणि कुणाला कोणता आकडा जाणार ते नळकांड्यात गुंडाळताना ठरतं.

त्या टप्प्यावर माझं मत झालं की समोरची प्रत अस्सल आहे. मग लिलावातली?

उत्तर स्टुडिओकडून आलं, आणि ते एका ओळीचं होतं: लिलावात गेलेली सदतीस हिरव्या जमिनीची होती.

हेच ते पाचवं कारण. प्रिंट तीन कलरवेमध्ये, म्हणजे तेच चित्र जमिनीचा रंग बदलून, निघाली होती, हिरवी, नारिंगी आणि गुलाबी, आणि प्रत्येक कलरवेला १ ते १०० असे स्वतंत्र आकडे. रेल्वेच्या प्रत्येक डब्यात सदतीस नंबरचं आसन असतं, तसे इथं तीन सदतीस आहेत आणि तिन्ही खरे आहेत. चोरी नाही, चूक नाही, खोटेपणाही नाही.

कलरवेला नुसती धंद्याची युक्ती म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, पण या चित्राच्या बाबतीत ते थोडं अन्यायाचं होईल. ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या सुरुवातीच्या यंत्रांचा पडदा कृष्णधवल होता. रंग दिसावा म्हणून काही यंत्रांमध्ये पडद्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावत. खालच्या भागात हिरवी पट्टी असे, त्यामुळे पांढरा परग्रहवासी उतरत उतरत त्या पट्टीत शिरला की हिरवा होई. एकच आकृती आणि वरून बदलणारा रंग, ही कल्पना त्या यंत्रातच आहे. हिरवा आणि नारिंगी कलरवे मला त्याच पट्ट्यांचे वारस वाटतात. गुलाबीला तसा काही आधार नाही. तो बहुधा भिंतीवर उठून दिसतो म्हणून निवडलेला. गंमत अशी की बाजारात सगळ्यात जास्त मागणी त्यालाच.

आता हिशेब. मैत्रिणीनं मूळ विक्रीच्या वेळची घोषणा शोधून काढली आणि स्टुडिओला पुढचे प्रश्न विचारले. त्यातून जे चित्र तयार झालं, ते जाहिरातीतल्या ‘फक्त १००’ पेक्षा बरंच मोठं होतं. तीन कलरवेंच्या मिळून ३०० प्रती. प्रत्येक कलरवेमागं १० आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे कलाकारानं स्वतःसाठी ठेवलेल्या जादा प्रती, म्हणून आणखी ३०. प्रूफ एडिशनच्या, म्हणजे आकडे घातलेल्या एकूण प्रतींच्या, साधारण दहा टक्के ठेवायचे हा रिवाज आहे, नियम नव्हे, पण इथं तो पाळला होता. त्याशिवाय १२ कागदांवर कलाकारानं छापून झाल्यावर ब्रशनं काम केलं होतं. त्या हातानं रंगवलेल्या प्रतींचे आकडे वेगळे, किंमतही वेगळी. ही झाली ३४२ मोठ्या आकाराच्या कागदांची गोळाबेरीज, छापखान्याकडे राहिलेले मोजके प्रूफ सोडून. आणि वर्षभरानं त्याच खेकड्याची छोट्या आकाराची, बिनसहीची आवृत्ती निघाली होती, तीसुद्धा वेळेपुरती खुली: चोवीस तासांत जितक्या मागण्या येतील तितक्या प्रती.

कलाकारानं यातलं काहीही लपवलं नव्हतं. सगळं जाहीरपणे, त्या त्या वेळी सांगितलेलं. पण प्रिंट पहिल्या मालकाच्या हातून निघाली की घोषणा मागं राहते आणि कागदावर उरतो तो अपूर्णांक. मग छेदातला शंभर वाचून माणूस समजतो की चित्राच्याच शंभर प्रती आहेत. तो आकडा फक्त एका रांगेची लांबी सांगतो. अशा किती रांगा लागल्या होत्या, हे त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं. या संपूर्ण प्रकरणातून माझ्या हाती लागलेली महत्त्वाची गोष्ट हीच. खऱ्याखोट्याची भीती लोकांना इतकी असते की प्रत अस्सल ठरली की ते हुश्श करतात आणि पुढचा प्रश्न विचारायचाच राहतो.

हे काही या एका कलाकारापुरतं नाही. बँक्सी या ब्रिटिश स्ट्रीट आर्टिस्टच्या, फुगा सुटलेल्या मुलीच्या प्रिंटचं उदाहरण सर्वांना माहीत असलेलं आहे. २००४ साली ती सहीच्या १५० आणि बिनसहीच्या ६०० प्रतींमध्ये निघाली, त्याखेरीज वेगळ्या रंगांतले आर्टिस्ट प्रूफ. तिथंही दोन रांगांचे आकडे स्वतंत्र आहेत, पण छेद वेगवेगळे असल्यामुळे ३७/१५० आणि ३७/६०० यांत गोंधळ होत नाही. शिवाय बँक्सीच्या कामासाठी पेस्ट कंट्रोल ही त्याचीच संस्था प्रमाणपत्र देते. त्या प्रमाणपत्राला त्यानंच छापलेल्या खोट्या दहा पौंडांच्या नोटेचा अर्धा तुकडा जोडलेला असतो आणि दुसरा अर्धा संस्थेकडे राहतो. फाटलेल्या कडा आणि त्यावरून गेलेला हातानं लिहिलेला आकडा जुळला तरच खरं. बहुतेक कलाकारांकडे अशी यंत्रणा नसते. त्यांच्याकडे असतो एखादा सहायक आणि संगणकावरचा तक्ता. आमच्या नशिबानं हा तक्ता नीट ठेवलेला होता आणि सहायक उत्तर देणारा होता.

इन्व्हेडरची रीत आणखी कडक आहे. भिंतीवरच्या प्रत्येक मोझेकला शहराची अक्षरं आणि क्रमांक असतो, आणि त्याची ‘एलियस’ म्हणून एकच प्रतिकृती बनते, तिच्यासोबत ओळखपत्र. भिंतीवरचं मोझेक उपटून आणलं तर त्याला तो मान्यता देत नाही. २०१७ साली पॅरिसमध्ये पालिकेचे कामगार असल्याची बतावणी करून काही जणांनी मोझेक काढून नेली, तेव्हाही हाच मुद्दा पुढं आला. भिंतीवरून निघालेल्या टाइल म्हणजे नुसत्या टाइल. किंमत ज्याला आहे तो दुवा कलाकाराच्या नोंदवहीत असतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांत तर मर्यादित म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतींबाबत कायदाच आहे. एडिशन किती मोठं, प्रूफ किती, हा तपशील विक्रेत्यानं लेखी द्यायचा असतो. असा कायदा सगळीकडे नसतो, पण प्रश्नांची यादी म्हणून तो कुणालाही वापरता येतो. मैत्रिणीनं स्टुडिओला पाठवलेले प्रश्न जवळपास त्याच धर्तीचे होते, आणि त्यात तिनं एक स्वतःचा घातला: जाळ्या ठेवल्यात की धुतल्या? उत्तर आलं, धुतल्या. मला या उत्तरानं फारसा दिलासा वाटला नाही. जाळीवरचा थर धुऊन तीच जाळी पुढच्या कामाला वापरणं ही छापखान्यातली रोजची गोष्ट आहे. मूळ फाइल संगणकात असते आणि तीवरून नवी जाळी अर्ध्या दिवसात तयार होते. एडिशन बंद राहतं ते कलाकारानं शब्द पाळला म्हणून.

आता किमतीचं काय? इथं आमच्या दोघांचे सूर जुळले नाहीत. तिचं म्हणणं, ‘फक्त १००’ खोटं ठरलं, तर किंमत त्या प्रमाणात उतरायला हवी. मला हे इतकं सरळ वाटत नव्हतं. गुलाबी प्रती खरंच शंभरच आहेत, आणि दुय्यम बाजारात लोक कलरवेला स्वतंत्र वस्तू मानतात. तिन्ही रंगांचा संच लावणाऱ्याला गुलाबीच्या जागी हिरवी चालत नाही. पण ज्याला खेकडा हवा आहे, रंग कुठलाही चालेल, त्याच्यापुढं तीनशे पर्याय आहेत. अशा खरीददारानं गुलाबीसाठी थोडं जास्त मोजावं, तिप्पट नव्हे. मग तू कोणत्या जातीची खरीददार, असं मी तिला विचारलं. संच लावायचा नाही, हे तिनं लगेच सांगितलं. तेवढ्यानं अर्धा वाद मिटला.

आकड्यांबद्दल एक पोटप्रश्न तिनं विचारला होता, तो इथंच उरकतो. सदतीस हा आकडा ऐंशीपेक्षा बरा का? स्क्रीन प्रिंटमध्ये नाही. तीन जाळ्यांसाठी कागद तीनदा रॅकवर वाळत पडतात, उचलले जातात, खालीवर होतात. आकडे शेवटी पडतात. पहिल्या क्रमांकाला हौशी लोक जास्त देतात, ती त्यांची हौस.

खरा धक्का किमतीच्या बोलण्याआधी, फ्रेम उघडली तेव्हाच बसला होता, फक्त त्या गडबडीत आम्ही तो बाजूला ठेवला होता. फ्रेम करणाऱ्यानं माउंटची, म्हणजे प्रिंटभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, खिडकी जरा आखूड कापली होती. खालचा काठ आणि पेन्सिलीची ओळ मोकळी ठेवलेली, पण दोन्ही बाजूंनी आणि वर गुलाबी रंगाची बोटभर पट्टी माउंटखाली झाकलेली. माउंट उचललं आणि ती पट्टी अक्षरशः ओरडली. झाकलेला गुलाबी आणि उघडा गुलाबी हे दोन वेगळे रंग होते. मधला रंग वाईट नव्हता, पण निऑन म्हणावा असा उरलेला नव्हता. विक्रेता स्वतःच गप्प झाला. रोज पाहत असल्यामुळे त्याला तो फिका पडलेला कधी कळलाच नव्हता. समोर खिडकी होती.

निऑन रंगांचं हे ठरलेलं दुखणं आहे. त्यांची चमक ज्या रंगद्रव्यांमुळे येते, तीच उजेडानं सगळ्यात लवकर मोडतात. अतिनील किरण ते शोषतात आणि दिसणाऱ्या उजेडाच्या रूपात परत सोडतात, म्हणून ते कागदापेक्षाही उजळ वाटतात. द्रव्य मोडलं की उरतो साधा, दमलेला गुलाबी. काळा रंग शेजारी ठणठणीत असतो, त्यामुळे फरक आणखी डोळ्यांवर येत नाही. खोलीत अंधार करून अतिनील टॉर्च मारली तेव्हा झाकलेली चौकट पेटल्यासारखी दिसली आणि मधला भाग राखेसारखा. गेलेला रंग कोणताही तज्ज्ञ परत आणू शकत नाही. वरून नवा रंग मारला तर ती दुरुस्ती राहत नाही, ते दुसरंच काही होतं.

बाकीचं नुकसान किरकोळ, म्हणजे सुधारण्याजोगं. माउंटचा पुठ्ठा आम्लमुक्त नव्हता, खिडकीच्या कडेनं कागदावर तपकिरी रेघ उमटू लागली होती. प्रिंट मागून साध्या मास्किंग टेपनं चिकटवलेली. विक्रेता टेप ओढून काढायला निघाला, तेव्हा मैत्रिणीनं त्याचा हात धरला. वाळलेली टेप ओढली की कागदाचा पापुद्रा सोबत येतो. ते काम कागद जतन करणाऱ्या माणसाचं.

सौद्याच्या बोलण्यात तिनं ‘फसवणूक’ हा शब्द एकदाही काढला नाही, आणि मला वाटतं म्हणूनच तो पार पडला. तिनं तीन कागद समोर ठेवले: स्टुडिओचं उत्तर, मूळ घोषणेची प्रत, आणि टॉर्चच्या उजेडात काढलेला फोटो. मग म्हणाली, “तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. तुम्हालाही हे ठाऊक नव्हतं. पण आता दोघांनाही ठाऊक आहे, तर किंमत त्यावर ठरवूया.” विक्रेत्यानं आधी गुलाबी कलरवेच्या अलीकडच्या विक्री दाखवल्या. त्या खऱ्या होत्या, पण त्यातल्या बहुतेक प्रती सपाट खणात ठेवलेल्या, कधीच न टांगलेल्या. त्यानं दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला आणि व्यवहार मूळ किमतीच्या सव्वातीनपटीला ठरला. मला तरीही ती रक्कम थोडी जास्त वाटते. तिचं उत्तर, सही आणि शिक्का असलेली, पावतीसकट, पहिल्याच मालकाकडून मिळणारी प्रत पुन्हा समोर येईलच असं नाही. त्यात तथ्य आहे. पहिल्या मालकापर्यंत थेट पोचणारी साखळी असली की पुढं विकताना निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

पैसे देण्याआधी तिनं विक्रीपत्राचा मजकूर स्वतः लिहिला, तो मला आवडला म्हणून त्यातलं सार देतो. प्रिंटचं नाव, वर्ष, तंत्र: तीन जाळ्यांची स्क्रीन प्रिंट, त्यांपैकी एक पारदर्शक व्हार्निशची. कलरवे गुलाबी, क्रमांक ३७/१००. याच चित्राचे हिरवा आणि नारिंगी असे आणखी दोन कलरवे, प्रत्येकी १००. आर्टिस्ट प्रूफ एकूण ३०, हातानं रंगवलेल्या १२, शिवाय नंतरची छोटी वेळेपुरती आवृत्ती. स्थिती: उघड्या भागात गुलाबी रंग फिका, माउंटखालची पट्टी मूळ रंगात, कडेनं पुठ्ठ्याचा डाग, मागं टेप. मूळ पावती सोबत जोडली. दोघांच्या सह्या, तारीख. स्टुडिओलाही कळवलं, आणि त्यांच्या तक्त्यात गुलाबी ३७ समोर आता तिचं नाव आहे.

एका गोष्टीवर आमचं अजून भांडण चालू आहे. मी म्हणतो, नवं माउंट कापताना खिडकी पुन्हा तेवढीच आखूड ठेव. झाकलेली पट्टी हा मूळ रंगाचा एकमेव पुरावा आहे, आणि पुढं कुणी विचारलं तर दाखवता येईल. तिला खिडकी मोठी हवी आहे, पांढऱ्या काठापर्यंत, म्हणजे फिकी मधली जागा आणि भोवतीची झगझगीत चौकट दोन्ही एकदम दिसतील. अतिनील अडवणारी काच ती लावणारच आहे, खिडकीसमोरची भिंतही टाळणार आहे. पण दिसणारा उजेडही रंग खातोच, त्यामुळे ती चौकट हळूहळू मधल्या रंगाला येऊन मिळणार हे तिलाही मान्य आहे. फ्रेमवाल्याला तिनं माप अजून दिलेलं नाही.